शेपटीखालचा मारुती

कुठलीही वस्तू हातात आली की दाजी आधी तिचा तोल बघायचे. जेवायला बसले तरी चमचा बोटावर आडवा धरून थांबत. ताई वैतागायची, "अहो, आमटी निवतेय!" "सापडला मध्य," असं म्हणून मग पहिला घास घेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऐंशीच्या सुमारास नोकरीसाठी मुंबईत आलो, तो लग्न होईपर्यंत मुलुंडला त्यांच्याच दोन खोल्यांत राहिलो. बाहेरच्या खोलीतला पलंग निम्मा माझा, निम्मा त्यांच्या विमानाचा. शिकाऊ माणसानं जमिनीवर उभं राहून रेडिओवर उडवायचं, हलक्या बाल्सा लाकडाचं ते छोटं विमान दाजी ऑफिसातून आल्यावर बांधत बसायचे. रेडिओचा संच शेजाऱ्यांच्या मुलानं दुबईहून आणून दिला होता. एरवी कशाचीच घाई नसलेल्या या माणसाला विमानाची मात्र घाई होती. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. नजर कडेकडून मिटत चालली होती. "पूर्ण मिटायच्या आत एकदा ते उडताना बघायचंय रे, विनू," एवढंच त्यांचं मागणं.

विमान तयार झाल्यावरही ते समाधानी नव्हते. पंखाखाली, पुढच्या कडेपासून तिसऱ्या हिश्शावर, पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या. त्यांवर दोन बोटं टेकवून ते विमान उचलत. नाक किंचित खाली झुकलं की खूश. "नाकात थोडं वजन हवं. विमानाच्या आणि माणसाच्याही. शेपटीत आलं की संपलं," म्हणायचे.

दसऱ्याला ताईनं घरातल्या हत्यारांबरोबर विमानही पुजलं. झेंडूचा हार संध्याकाळी निघाला. पण तिनं देव्हाऱ्यातला सुपारीएवढा पितळी मारुती विमानाच्या शेपटीखाली पक्का चिकटवला होता. डिंक मीच आणून दिला होता. दुसऱ्या दिवशी दाजींनी विमान बोटांवर धरलं आणि शेपूट धाडकन खाली गेली.

"अगं, निदान पंखाखाली तरी लावायचास."

"मारुती मागेच हवा. पाठराखण कोण करणार?"

ती आत गेल्यावर मी म्हटलं, "दाजी, काढून टाका ना. तिला काय कळतंय?"

"कळेल. आणि बोलणार नाही. ते वाईट."

शेपटी लांब असते. तिथल्या वजनाला नाकात दुप्पट-तिप्पट वजन घालावं लागतं. दाजींनी कोळ्यांच्या जाळ्याचं शिसं आणून नाकात भरलं. तोल जमला, पण विमान जड झालं. जड विमान सावकाश उडत नाही. त्याला वेग द्यावाच लागतो. हे दाजींना ठाऊक होतं. मला नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

थंडीत एका रविवारी सकाळी आम्ही मिठागराच्या कडेच्या मोकळ्या जमिनीवर गेलो. विमान धावलं, उठलं. "बघ, बघ!" दाजी ओरडले. त्यांना इतकं मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पण विमान सुसाट होतं. उरलेल्या नजरेच्या भोकातून ते बघता बघता निसटलं.

"विनू, कुठंय रे?"

"परत येतंय, आपल्याकडेच!"

"सरळ?"

"नाही, डावीकडे जरा. उजवीकडे घ्या!"

त्यांनी उजवीकडे घेतलं. पण विमान समोरून येत असलं की त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो. हे त्यांनी मला घरी दोनदा समजावलं होतं. विमान आणखी डावीकडे कलंडलं आणि खाडीच्या चिखलात नाकावर आदळलं.

"कुणाला लागलं नाही ना?" दाजींनी विचारलं. घरी ताईला म्हणाले, "माझाच हात चुकला." मी गप्प राहिलो. मारुती वाचला म्हणून ताईनं पेढे वाटले. दाजींनी दोन खाल्ले.

पुढे त्यांनी दुसरं विमान केलं नाही. मी लग्न करून बोरिवलीला गेलो. महिन्यातून एकदा जायचो, मग सणावारी. शेवटी गेलो तेव्हा त्यांना उजेड-अंधारही कळेनासा झाला होता. चूक माझी होती हे सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. सांगितलंही. ते ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष तिथं नव्हतं.

"ते जाऊ दे. वळून आलं तेव्हा कसं दिसत होतं रे? मला तेवढंच दिसलं नाही."

मी सांगू लागलो. पंखावर ऊन होतं, म्हटलं, खालून पिवळं दिसत होतं. दाजींनी माझं मनगट धरलं.

"हळू सांग," ते म्हणाले. "मी बघतोय."