दर रविवारचा तोच प्रश्न

लेथवाले नाना तीस वर्षं पंपांच्या एका छोट्या कारखान्यात शाफ्ट कातत होते. केसाएवढा फरकही त्यांच्या बोटाला कळायचा. असा माणूस दर रविवारी सकाळी फोनवर मात्र चक्क ढ व्हायचा.

बायको गेली, मुलगी परदेशी. परदेशी जाताना मुलीने नानांच्या नावाने एका फंडात पैसे घातले होते. तिचा फोन "जेवलात का, गोळ्या घेतल्या का" यातच तीन मिनिटांत आटपायचा. एकदा नानांनी सहज विचारलं, "अगं, तो फंड म्हणजे नक्की काय?" आणि फोन चांगला वीस मिनिटं चालला. मग काय, दर रविवारी तोच प्रश्न.

ती बिचारी पहिल्यापासून सांगायची. "बाबा, तिथे कुणी हुशार माणूस बसून शेअर निवडत नाही. नियम ठरलेला असतो. छोट्या कंपन्या बघायच्या. त्यातल्या ज्यांच्या शेअरचा भाव मालमत्तेच्या आणि कमाईच्या मानाने कमी, त्यांची यादी करायची. फंड डोळे मिटून ती यादी विकत घेतो. म्हणून खर्चही कमी."

"आणि बुडाल्या तर?"

"एखादी बुडतेच. म्हणून शेकड्यांनी घ्यायच्या आणि वर्षानुवर्षं वाट बघायची."

वाट बघण्यात नानांचा हात कुणी धरला नसता.

त्या यादीत नानांचा कारखानाही होता. या रविवारी मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, नव्या यादीत तुमचा कारखाना नाही हो. मी घाईत पाहिलं, पण बहुतेक बुडाला."

"काहीतरीच!" नाना उसळले. "रोज पेपरात भाव बघतो मी. तिप्पट झालाय! आता तो ना छोटा राहिला, ना स्वस्त. नियमाप्रमाणे फंडाने विकला आणि त्या जागी दुसरा घेतला. मोठं झालेलं यादीत राहतं होय!"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"बाबा, तुम्हाला सगळं येतंय."

आता पुढच्या रविवारी विचारायचं काय, असं नानांना झालं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दुसऱ्या रविवारपासून," नाना म्हणाले. "फार आठवण येते गं तुझी. दुसरं काही विचारायला सुचत नाही."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती खाकरली.

"बरं, नीट ऐका हं बाबा. तिथे कुणी हुशार माणूस बसून शेअर निवडत नाही..."