चाचांचा डावखुरा कारागीर

फोटोतल्या माणसाचे नुसते हात पाहून त्याच्या कामातली चूक काढणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये एकच होता, आणि तो दोह्यात अल सद्दला आमच्या डोक्यावर राहायचा. म्हणजे वरच्या मजल्यावर. सगळी बिल्डिंग त्यांना चाचा म्हणायची. मूळचे रत्नागिरीकडचे, घरची मंडळी गावी आणि हे पंचवीस वर्षं इथे एकटे. रास लफानच्या गॅस प्रकल्पात पाइपांचे जोड तपासणं हे त्यांचं काम. जोडाचा एक्स-रे काढायचा, फिल्म दिव्यावर धरायची, पास की नापास ते लिहायचं आणि खाली सही ठोकायची. कंपनीच्या बसमधून उतरताना माणसाने ही सवय तिथेच सोडून यावी की नाही? आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले ते थेट भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोसमोर भिंग घेऊन उभे राहिले. म्हणाले, "वैनी, तुमचा पदर उजव्या खांद्यावर कसा? फोटो उलटा छापलाय." आठ वर्षं आम्ही तो फोटो पुसत होतो, दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. नवरा "चालायचंच हो" म्हणाला, तर चाचांनी कप खाली ठेवला. "चालायचंच कसं? फिल्म उलटी हाय का, ते पयलं बघायचं. नवीन माणसाला पयल्या दिवशी मी हेच शिकवतो."

अशा माणसाला वेड लागलं ते चिनी धनुष्यबाणांचं, तेही फोटोतल्या. कुठल्याशा जुन्या चिनी कारखान्याचे अकरा काळे-पांढरे फोटो त्यांना इंटरनेटवर सापडले. ते मोठे छापून त्यांनी हॉलभर लावले. एकात शिंग कापणारा माणूस, एकात बांबूला आच दाखवणारा, एकात बाणाला पिसं चिकटवणारा, तर एकात एक डोळा मिटून बाण सरळ आहे का ते पाहणारा. प्रत्येक फोटोच्या मागे चाचांचा पेन्सिलीतला शेरा, खाली तारीख आणि सही. पिसं चिकटवणाऱ्याला त्यांनी नापास केलं होतं. "हात धुतलेले नाय त्याचे," असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं.

मग ते स्वतःच धनुष्य करायला बसले. फोटोतल्या सगळ्यांच्या अंगात जाड कापशी कोट आहेत, म्हणजे शिंग आणि बांबू चिकटवायचं हे काम थंडीतलं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. आता दोह्यात थंडी आणायची कुठून? म्हणून भर ऑगस्टात बेडरूमचा एसी सोळावर. आत धनुष्य झोपायचं आणि चाचा हॉलमध्ये सोफ्यावर. कामाला आत जाताना स्वेटर आणि कानटोपी घालून जात. चिकटवायचा सरस माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा करतात असं वाचून त्यांनी मासळीबाजारातून पिशव्या आणून उकळल्या, तेव्हा आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, गॅस गळतोय असं समजून तीन जिने धावत चढला. "यल्ला, सब बाहर!" चाचांनी दार किलकिलं केलं आणि शांतपणे म्हणाले, "भाई, गॅस मेरा धंदा है. ये मच्छी है."

पण सोफ्यासमोर एकटा लावलेला सातवा फोटो होता, तो त्यांचा जीव की प्राण. त्यात एक म्हातारा कारागीर आपल्या दुकानासमोर बसून धनुष्य घासतोय आणि कानस त्याच्या डाव्या हातात आहे. चाचा जन्माचे डावखुरे. लहानपणी जेवताना त्यांच्या आईने डावा हात ओढणीने कमरेशी बांधला, उरलेलं काम मास्तरांच्या छडीने केलं. तेव्हापासून लिहिणं, जेवणं, सह्या, सगळं उजव्या हाताने. "आईचं काय चुकलं नाय," ते म्हणायचे, "पण ह्या बाबाला बघा. ह्याला कोणी बांधला नाय." धनुष्याला कानस लावताना मात्र ते डावा हात वापरत. साठीला टेकलेला माणूस कानस डाव्या हातात घेऊन लहान मुलासारखा हसताना मी पाहिला आहे.

आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक चिनी मुलगी बसते. चाचांचं कौतुक सांगता सांगता मी तिला मोबाइलवर तो फोटो दाखवला. तिने म्हाताऱ्यामागची दुकानाची पाटी मोठी करून पाहिली आणि म्हणाली, ही अक्षरं उलटी आहेत, आरशात दिसतात तशी. फोटो उलटा छापलाय. म्हणजे म्हातारा चांगला उजव्या हाताचा होता! चाचांना चिनी येत नाही, त्यांना कळणार नाही, एवढाच काय तो दिलासा. मी नवऱ्यालाही बजावलं, वर जाऊन एक अक्षर बोलायचं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्या हॉलमध्ये त्या फोटोकडे पाठ करूनच बसले. "हिकडे बसा की वैनी, फोटो दिसतो," ते म्हणायचे. मी म्हणायची, तिथे एसी लागतो.

यंदा चाचांची नोकरी संपली. धनुष्य तयार झालं होतं. त्यातून बाण कधी सुटला नाही, पण ते चादरीत गुंडाळून, खोक्यात घालून गावी निघालं. टॅक्सी खाली उभी असताना ते सातवा फोटो घेऊन आमच्या दारात आले. "हा तुमच्याकडं ठेवा, वैनी. तुम्ही ह्याच्याकडं कधी धड बघितलंच नाय."

ते गेल्यावर मी फोटो उलटून मागचा शेरा वाचला. तारीख फोटो लावले त्या पहिल्या आठवड्यातली, धनुष्याला हात लावण्याच्याही आधीची. "मागच्या पाटीची अक्षरं नवव्या फोटोतल्या पाटीशी ताडली, उलटी. फिल्म उलटी. पास." चाचांचं अक्षर एरवी छापल्यासारखं, हे मात्र पहिलीतल्या मुलाचं असावं तसं वाकडंतिकडं होतं, आणि सहीसुद्धा. ते डाव्या हाताने लिहिलेलं होतं. मी दारातच बसले आणि रडले.

तो फोटो आता आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी आहे. आपला फोटो सुलटा छापून आणू या, म्हणून नवरा अधूनमधून मागे लागतो. मी म्हणते, राहू दे.