बाईंचा ऑर्गन

आमच्या शाळेशेजारच्या चर्चमधला जुना ऑर्गन वाळवीने पोखरून कित्येक वर्षं बंद पडला होता. तो पुन्हा उभा राहिला बाईंच्या हट्टामुळे. बाई म्हणजे तिथे उभा जन्म ऑर्गन वाजवलेल्या, आमच्या शाळेतल्या निवृत्त संगीतशिक्षिका. इतवारीतल्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्याला गाठून त्यांनी नवा भाता बसवून घेतला, जुने पितळी सूर घासूनपुसून जुळवून घेतले. पण तोवर अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. वाजवणारं कुणी नसेल तर ऑर्गन कोपऱ्यात ठेवू आणि कीबोर्ड आणू, असं चर्चच्या कमिटीने सांगून टाकलं.

बाई थेट माझ्याकडे आल्या. मी त्यांच्याच जागेवर शिकवत होते, पण बौद्ध घरातली. माझी पेटी विहारातल्या गाण्यांवर तयार झालेली.

"मले कुठं येते बाई हे?"

"येत नाही म्हणूनच तं शिकवून राहिली ना वं. बस."

खरा त्रास डाव्या हाताचा. पेटीवर तो जन्मभर मागे भाता मारत आलेला. इथे त्यानेही सूर वाजवायचे आणि हवा पायांनी भरायची. "तो हात मागं काहून चालला?" बाई ओरडायच्या. मला रागही यायचा.

पहिल्या रविवारी चर्च भरलं होतं. तिसऱ्या कडव्यात डावा हात असा सुरेख चालला की मी स्वतःवरच खूश झाले. आणि ऑर्गन कण्हत गप्प झाला. पाय थांबले होते! लोक गातच राहिले, पण माझे पाय काही केल्या हलेनात. संपलं, बाईंचा ऑर्गन माझ्यापायी कोपऱ्यात जाणार, एवढंच डोक्यात.

पहिल्या बाकावरून बाई उठल्या. लंगडत आल्या. ऑर्गनच्या बाजूला बाहेरून हवा भरायचा एक लाकडी दांडा होता. तो त्यांनी डाव्या हाताने धरला आणि भाता मारायला लागल्या.

"वाजव," एवढंच म्हणाल्या.

मी वाजवलं, डोळे गळत होते तरी. माझे पाय पुन्हा कधी चालू झाले ते कळलं नाही. बाईंनी मात्र शेवटपर्यंत दांडा सोडला नाही.

ऑर्गन जागेवरच राहिला. आता दर शनिवारी शाळेतल्या पोरी त्यावर शिकतात. एखादीचे पाय थांबले की मी आधी उठून दांडा धरते. ओरडायचं ते नंतर.