बुधूने ओतलेलं तेल

लटारू मिस्त्रीने स्पार्क प्लग काढला, भोकात बोट घातलं आणि विंचू चावल्यासारखं झटकन बाहेर ओढलं. बोटाला थिजलेल्या तुपासारखं पांढरं काहीतरी चिकटलं होतं. चांद्याच्या गॅरेजात वीस वर्षं त्याने लॉऱ्यांची इंजिनं उघडली होती. गंज पाहिला होता, उंदराची पिल्लंही पाहिली होती, पण हे कधीच नाही.

गाडी लाल, विलायती, शर्यतीची, दोनच माणसांची. सत्तेचाळीस साली एक गोरा साहेब आलापल्लीच्या जंगलातल्या लाकूड-डेपोत ती ठेवून गेला, तो परतलाच नाही. नऊ वर्षांनी ठेकेदार गुणवंतरावांनी गाडीसकट डेपो विकत घेतला. इंजिन जागचं हलेना, म्हणून लटारूला बोलावणं गेलं.

"हे कोणं भरलं बे यात?" लटारू ओरडलाच.

"म्या." डेपोचा चौकीदार बुधू हसत पुढे आला. "मोहाच्या बियाचं तेल हाय. साहेबानं जाताना याच भोकातून तेल सोडलं, म्हणे दरसाल टाकजो. त्याचा डबा सरला, मंग घरचं टाकलं."

उन्हाळ्यात हे तेल पातळ असतं, थंडीत घट्ट होतं. आणि हे तर पौषातले दिवस.

गुणवंतराव खुर्चीतून उठले. "नऊ वर्षं इंजिनात खायचं तेल? अन् वरून हासून राह्यला! झोपडी खाली कर. आत्ताच्या आत्ता!"

बुधू भांडेल, निदान गयावया करेल, असं लटारूला वाटलं. तो नुसतं "बरं" म्हणाला आणि निघून गेला. लटारू प्लग हातात धरून तसाच उभा राहिला. आपण ओरडलो नसतो तर त्याची भाकर गेली नसती.

त्याने इंजिनाखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवलं. तेल वितळून गळून गेल्यावर वरचं झाकण उतरवलं, सिलिंडर फडक्याने पुसला आणि त्याचा हात थांबला. आत आरशासारखं त्याचं तोंड दिसत होतं. गाडी उभी होती त्या छपरीच्या दाराच्या कड्या गंजून गळाल्या होत्या, पण इथे गंजाचा ठिपका नव्हता.

"मालक, इकडं या!"

"आता काय निघालं?"

"काईच नाई निघालं! बुधूनं तेल टाकलं नसतं, त हे पिस्टन छिन्नीनं फोडा लागले असते."

गुणवंतरावांनी वाकून आत बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं.

लटारूने कार्ब्युरेटरमधलं कुंभारमाशीचं मातीचं घर खरवडलं, सगळं पुन्हा बसवलं, नवं तेल-पेट्रोल भरलं, चाकांत हवा भरली, लॉरीची बॅटरी जोडली आणि हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन असं गरजलं, की छपरावरची माकडं पळाली. धुराला भजी तळल्याचा वास होता.

"बोलाव त्याले," गुणवंतराव पुटपुटले.

झोपडी रिकामी होती. चार-पाच तासांत चुलीचे दगडसुद्धा उचलून नेले होते. कोणाला न विचारता लटारू गाडीत बसला आणि धुळीतली ताजी पावलं बघत एटापल्लीच्या वाटेला लागला.

दोन कोसांवर बुधू आणि त्याची बायको मंगली डोक्यावर गाठोडी घेऊन चालले होते. बुधूने ओझं उतरवलं, गाडीभोवती फिरला, बॉनेटवर हात ठेवला.

"चालली?"

"तुह्याच तेलानं वाचली, भाऊ. चल, मालकानं बलावलं."

"सकाळी हाकललं, आता बलावते," मंगली म्हणाली. "उद्या काय म्हणन?"



"तिचं खरं हाय," म्हणत बुधूने गाठोडं उचललं. पाहता पाहता दोघं वळणाआड गेली. इंजिन एकसारखं चालू होतं, पण गाडी माघारी वळवायचंही लटारूला सुचेना.