लिंबू, किल्ली, चादर

"शंभरातून सात गेले, किती राहिले?"

"बारा," वसंतराव बिनदिक्कत म्हणाले.

"आपण आत्ता कोणत्या गावात आहोत?"

"लातुरात."

आम्ही हैदराबादला, बरकतपुऱ्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये बसलो होतो. वसंतराव अंबरपेठच्या शाळेतून रिटायर झालेले गणिताचे मास्तर. शेजारी त्यांच्या पत्नी कमलबाई. नवरा विसरायला लागला म्हणून घाबरून त्याच त्यांना घेऊन आल्या होत्या.

मी म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर. मेमरी टेस्टमध्ये आम्ही असे सोपे प्रश्न विचारतो. शिवाय तीन शब्द सांगतो आणि पाच मिनिटांनी परत विचारतो. ज्याला खरंच आठवत नाही, तो बहुधा ते झाकायला बघतो. "आज पेपर वाचला नाही हो," म्हणतो. नाहीतर मान वळवून सोबतच्या माणसाकडे बघतो. मास्तर कुणाकडेच बघत नव्हते. ते उत्साहाने चुकत होते. मला हसू आवरेना.

"मघाशी तीन शब्द सांगितले होते. आठवतात?"

"कोणते शब्द?"

"काकू, तुम्हाला?" मी सहज विचारलं.

"लिंबू..." कमलबाई थांबल्या. मग त्यांनी मान वळवली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"किल्ली, चादर!" मास्तर बोलून गेले. आणि जीभ चावली.

"मास्तर, नाटक पुरे. काय भानगड आहे?"

ते खाली मान घालून म्हणाले, "ही तीनदा दूध गॅसवर ठेवून विसरली. परवा किराणा दुकानातून घरी यायचा रस्ता सापडेना हिला. डॉक्टरकडे चल म्हटलं की नक्को म्हणते. पण मला काही झालं तर ही कुठंही येते. म्हणून मग मीच विसरायला लागलो."

"म्हणजे चष्मा फ्रिजमध्ये तुम्ही मुद्दाम ठेवला होता?" कमलबाईंनी विचारलं.

"हौ."

मला वाटलं, आता मास्तरांची धडगत नाही. पण कमलबाईंचे डोळे भरून आले. "माझ्या आईला शेवटी आम्ही कुणीच ओळखू येत नव्हतो, डॉक्टरबाई. तसंच असलं तर मला कळायलाच नक्को होतं."

माझी मस्करी तिथंच संपली. मी त्यांचा हात धरला आणि नेहमीची चौकशी सुरू केली. घरात अंडं-मासा नाही. दूध फक्त चहापुरतं. आणि कमलबाईंना शुगरसाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिनची गोळी. बी-ट्वेल्व्ह हे व्हिटॅमिन नसांना आणि मेंदूला लागतं. शाकाहारी जेवणातून ते कमीच मिळतं, आणि ही गोळी बरीच वर्षं घेतली की जे मिळतं तेही अंगात नीट मुरत नाही. ते फार कमी झालं तर माणूस विसरायला लागू शकतो.

त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह तळाला गेलं होतं. बाकीच्या तपासण्या ठीक होत्या. तरी मी खोटी आशा दाखवली नाही. "विसरण्याचं कारण दरवेळी हेच असतं असं नाही. इंजेक्शनं घ्या, मग बघू."

"आणि फरक पडला नाही तर?" कमलबाईंनी विचारलं.

"तर तेही तुम्हालाच आधी सांगेन."

तीन महिन्यांनी दोघं आले. खुर्चीत बसायच्या आधीच कमलबाई म्हणाल्या, "लिंबू, किल्ली, चादर."

ते पाठ केलेलं असणार, म्हणून मी नवे तीन शब्द दिले. पाच मिनिटांनी त्यांनी तिन्ही सांगितले. नवऱ्याकडे न बघता. मास्तर मात्र श्वास रोखून त्यांच्याकडेच बघत होते.

मग त्या मास्तरांकडे वळल्या. "चष्मा फ्रिजमध्ये. चप्पल कपाटात. माझ्या बहिणीला तिच्याच घरात 'आपण कोण' म्हणून विचारलं. सगळं लक्षात आहे माझ्या."

मास्तर माझ्याकडे झुकले. "डॉक्टरबाई, इंजेक्शनं थोडी कमी करता येतील का?"

तेव्हापासून सोबत आलेल्या माणसालाही मी ते तीन शब्द विचारते. केसपेपरवर पेशंटचं नाव त्यानंतरच लिहिते.