थेट आठव्या लेव्हलचा सरदार

माझ्या आयुष्यात मी एकदाच सरदार झालो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि सातपूरच्या एका कारखान्यात ट्रेनी होतो. म्हणजे सुपरवायझरच्या मागे हात पुसायचं फडकं घेऊन हिंडत होतो.

ही सरदारकी मला दिली प्रकाशदादानं. प्रकाशदादा माझा आत्येभाऊ, बोटीवर इंजिनियर. वर्षाचा बराचसा काळ तो समुद्रावर असे आणि आमचं घर त्याची वाट बघत असे. (रेडिओवर 'वादळ' शब्द आला की आई पोळी तव्यावर टाकून नकाशा काढायची. पोळीचा नकाशा आपोआप व्हायचा.) ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात तो रजेवर आला, तो कुठल्याशा बंदरातून एक जाडजूड पुस्तक आणि मूठभर विचित्र फासे घेऊन!

"हा फासा आहे की हिरडा?" वीस बाजूंचा फासा डोळ्यांजवळ नेत बाबा म्हणाले.

दादानं खेळ समजावला. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. योद्धा, जादूगार, चोर, जे आवडेल ते. दादा गोष्ट सांगणार, "समोर गुहा आहे, आतून गुरगुर ऐकू येतेय, काय करता?" आपण काय करू ते सांगायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवणार. असं खेळता खेळता पात्राला अनुभव येतो आणि ते एकेक लेव्हल वर चढतं.

"पण आपण पहिल्या लेव्हलपासून नको," दादा म्हणाला. "पहिल्या लेव्हलचा माणूस उंदीर चावला तरी मरतो. माझी रजा संपेपर्यंत तुम्ही उंदीरच मारत बसाल. थेट आठवीपासून सुरू करू."

बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. ते खुर्चीत ताठ झाले. "थेट आठवी? मग खालच्या सात कोणी केल्या?"

"कोणीच नाही, मामा. केल्या असं धरून चालायचं."

"असं कसं धरून चालायचं? सर्व्हिस कुठे झाली? बदल्या कुठे झाल्या? परीक्षा?"

"तेच तर तुम्ही सांगायचं! वरून सुरुवात केली की मागचं आयुष्य आपणच रचायचं. इथवर कसे पोचलात, एकमेकांना कुठे भेटलात, सगळं."

बाबांना हे एकदम पटलं. त्यांचा जादूगार चार वर्षं सुरगाण्याच्या जंगलात होता आणि आग पेटवण्याची खातेनिहाय परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाला होता. आईनं चोर घेतला. (का, ते विचारायची आमची छाती झाली नाही.) मी झालो सरदार. वणीकडच्या एका डोंगरावर माझा किल्ला, पागेत चाळीस घोडे.

"आणि ह्याला मी गोदावरीच्या पुरातून ओढून काढलाय," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलला असेल? 'आई, भूक लागली!'"

"अगं, तू चोर आहेस, माझी आई नाहीस!"

"चोरांना मुलं नसतात का?"

अशा न घडलेल्या आठवणी रचत आम्ही त्या टेबलाभोवती बसलो होतो. आता बाबा नाहीत, आई नाही. पण तो पूर मला कधी कधी इतका खरा आठवतो की नाकात पाणी गेल्यासारखं होतं.

तर, सत्ता मिळाली पण ती वापरायची कशी हे कोणालाच ठाऊक नव्हतं! बाबांकडे मंत्रांचा ढीग, पण एकही शिकण्यात दिवस घालवलेले नाहीत. राक्षस अंगावर आला की ते चष्मा शोधून पानं उलटायला लागायचे. "प्रकाश, त्या राक्षसाला म्हणावं, जरा बस."

असं सगळं रंगात आलेलं असताना तो रविवार उजाडला.

त्याच सुमारास मला एक स्थळ सांगून आलं होतं. इगतपुरीची मुलगी, नाव उज्ज्वला, वडील साळवेकाका रेल्वेत गार्ड. मध्यस्थानं आम्हाला सांगितलं, "पुढच्या रविवारी येतील." त्यांना सांगितलं, "येत्या रविवारी जा." तरीही आम्ही सावध राहायला हवं होतं. पण रेल्वेची माणसं वेळेआधी येतील, असं स्वप्नातसुद्धा कोणाला वाटेल?

दार उघडंच होतं. बाप-लेक पायरीवर चपला काढत असताना त्यांच्या कानांवर पडलं ते असं:

"आधी म्हातारीला संपवा!" मी ओरडलो.

"आणि तिचे दागिने?" दादा.

"ते मी केव्हाच काढून घेतलेत!" आई.

"तुम्ही निघा पुढे, घर मी पेटवतो," बाबा पान उलटत म्हणाले.

दारातून खाकरल्याचा आवाज आला. "जय भीम. इगतपुरीहून आलो. आम्ही नंतर येऊ का?"

पुढची धांदल काय सांगू! आई पोहे भिजवायला धावली, बाबांनी बनियनवर कोट चढवला, मी तलवार म्हणून धरलेली पट्टी पाठीमागे लपवली. साळवेकाका सतरंजीच्या अगदी कडेला बसले. पळायला सोपं म्हणून असणार.

"मुलाची पोस्ट काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आठवी लेव्हल!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. ती अजून गुहेतच होती.

"आठवी?" काका चकित झाले. "एवढ्या कमी वयात? प्रमोशनवर?"

"छे, थेट भरती," पुस्तक हातात तसंच धरलेले बाबा म्हणाले. "खालच्या सात गाळल्या. मलाही ते नियमाला धरून वाटलं नव्हतं."

काकांनी आवाज खाली आणला. "वशिला?"

"हा काय, भाचा बसलाय माझा!"

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. पण उज्ज्वलाकडे पाहिलं आणि डोक्यातलं सगळं सांडलं. निळी साडी, पावसानं ओले झालेले केस, आणि ओठ घट्ट मिटून आवरलेलं हसू. तिनं मलाच विचारलं, "आणि घरी कोण कोण असतं?"

"चाळीस घोडे," मी म्हणालो.

साळवेकाकांनी दाराकडे पाहिलं.

"मग लीद कोण काढतं?" तिनं गंभीरपणे विचारलं.

एवढ्या जिव्हाळ्यानं माझी चौकशी तोवर कोणी केली नव्हती. मी सगळं खरं सांगून टाकलं. ट्रेनी आहे, मशिनला अजून हात लावू देत नाहीत, किल्ला-बिल्ला काही नाही, हा खेळ आहे. ती इतकी हसली की पोह्यांची बशी दादाला धरावी लागली. मग पदर खोचून ती सरळ टेबलाशी येऊन बसली.

"मला घ्या. पण आठवी नको, पहिलीच द्या. उंदीर चावला तर चावला."

तिनं पहिल्या लेव्हलची धनुर्धारी घेतली. तिच्यावर छाप पाडायची म्हणून मी एकटाच घोड्यावरून राक्षसावर धावून गेलो. फासा टाकला. एक आला! वीसपैकी एक! घोडा उधळला आणि आठव्या लेव्हलचा सरदार स्वतःच्याच किल्ल्याच्या खंदकात पालथा पडला. उज्ज्वलानं दोर टाकून मला वर काढलं.

"सारखं ह्याला पाण्यातूनच काढावं लागतं," आई म्हणाली.

साळवेकाकासुद्धा सतरंजीच्या मध्यापर्यंत सरकले होते. "मी एकदा टाकू का?" म्हणत त्यांनी तीनदा फासा टाकला. संध्याकाळच्या पॅसेंजरला निघताना ते बाबांना "कळवतो" म्हणाले, आणि उज्ज्वला मला म्हणाली, "छान आहे खेळ. परत खेळू."

परत खेळू! त्या दोन शब्दांवर मी सगळा पावसाळा काढला. काकांकडून काही कळेना. दादाची रजा संपली, बोट निघाली, पुस्तक आणि फासे त्याच्यासोबत गेले. टेबल पुन्हा भिंतीला लागलं. त्यावर आईनं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. रविवारी आम्ही तिघं सवयीनं तिथे जाऊन बसायचो आणि एकमेकांकडे बघून उठायचो. बाबा एकदा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "त्या गुहेत शेवटी होतं तरी काय रे?" आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटी न राहवून मी एका रविवारी इगतपुरीला गेलो. तिथल्या उरल्यासुरल्या पावसानं स्टेशनातच माझी छत्री उलटी केली. ती सरळ करत होतो, तोच समोर पांढऱ्या गणवेशात साळवेकाका!

"अरे मिलिंदराव! इकडे कुठे?"

तुमच्या मुलीला बघायला, असं कसं म्हणणार? "मुंबईला," मी म्हणालो.

"मग उभे काय राहिलात! ही काय, माझीच गाडी!" त्यांनी मला दंडाला धरून डब्यात चढवलं, खिडकीची जागा दिली आणि आपण मागच्या डब्याकडे गेले. शिट्टी झाली. गाडी हलली आणि तेवढ्यात वडिलांचा डबा पोचवून परतणारी उज्ज्वला प्लॅटफॉर्मवर दिसली! तिनंही मला पाहिलं. चेहरा उजळला. खिडकीसोबत चार पावलं धावत तिनं काहीतरी विचारलं. इंजिनाच्या आवाजात एक अक्षर कळलं नाही. दिसला तो फक्त चेहऱ्यावरचा प्रश्न. आणि अशा चेहऱ्यानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर एकच असतं. मी मान हलवली. हो! पुन्हा, हो! बोगदा येईपर्यंत हो!

कसाऱ्याला उतरलो, परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो आणि तिथे बसून आमचा संसार पार मुलांच्या शाळेपर्यंत नेला.

आठवड्यानं साळवेकाका स्वतः घरी आले, हातात पेढे. मी धावत बाहेर आलो.

"उज्ज्वलाचं जमलं," ते म्हणाले. "देवळालीचा मुलगा आहे, पर्मनंट. आणि मिलिंदराव, तिनं तुम्हाला खिडकीशी विचारलं होतं ना, 'लग्नाला याल का, वाढायला माणसं कमी आहेत'? पोरगी सांगत होती, एवढ्या आनंदानं कोणीच हो म्हणालं नाही!"

गेलो की. भात आणि वरण, दोन्ही माझ्याकडे होतं.