टेकडीवर मी शांतता मागितली

मंडळी, सकाळपासून माझं डोकं चालत नाहीये. तुम्हीच सांगा.

एव्हरशाईन सिटीत आमच्या बिल्डिंगखाली दिवसभर हॉर्न वाजतात. म्हणून रविवारी मी पेल्हारच्या तलावामागच्या टेकडीवर एकटाच चालायला जातो. फक्त शांततेसाठी.

आज वर एक बाई करवंदं काढत होती. थोड्या थोड्या वेळाने खालून कुणीतरी "कूऽऽ" करायचं, की हीसुद्धा तितक्याच जोरात "कूऽऽ" करायची. शेवटी वैतागून म्हटलं, "ताई, जरा शांत राहाल का? लोक इथे शांततेसाठी येतात."

ती गप्प झाली. खालचा आवाज मात्र वाढत गेला आणि मग बंदच पडला.

जरा वेळाने तिची म्हातारी आई काट्यांतून धापा टाकत वर आली. "ओ का देत नाय गो? मला वाटला पडलीस!"

"हे म्हनाले गप ऱ्हा," ती बाई माझ्याकडे बघत म्हणाली.

मी सॉरी म्हटलं. म्हातारीने मला नीट न्याहाळलं. "एकलाच आलास? संगती कोन नाय?" आणि लेकीच्या टोपलीतली ओंजळभर करवंदं माझ्या हातात दिली.

उतरून तलावाजवळ पोचलो, तर वरून म्हातारीचं "कूऽऽ" आलं. लेक तर तिच्या शेजारीच होती. मग हे कुणासाठी? मी थांबलो, तोंड उघडलं, आजूबाजूला कोणी बघतंय का ते पाहिलं आणि तसाच गाडीत जाऊन बसलो.

करवंदं अजून टेबलावर आहेत. तुम्ही ओ दिली असती का?